बाईसाहेबांच्या केसांतला वाय

गोरिलाच्या मादीत वाय गुणसूत्र दिसलं, तेव्हा मी आधी चष्मा पुसला. वाय असतो नरात; मादीत नुसते दोन एक्स. आमच्या बाईसाहेब तर चौदा वर्षांच्या, पक्क्या मादी. त्यांचे केस प्रयोगशाळेत पाठवले होते प्राणिसंग्रहालयातल्या मामांनी. पिल्लू असल्यापासून तेच त्यांना सांभाळतात.

'नमुना खराब' लिहून मोकळी झाले असते. पण नको तिथे नाक खुपसायची माझी जुनी खोड. हा वाय कुणाचा, हे कळेपर्यंत अन्न गोड लागेना.

एक्स आणि वाय ही एकेकाळी सारखीच जोडी. एक्सने संसार जपला. माणूस असो की गोरिला, तो बराचसा तसाच राहिला. वाय मात्र उधळ्या. बहुतेक सामान वाटेत टाकलं आणि उरलेलं प्रत्येक जातीत मनाला येईल तसं मांडलं. म्हणून तो चटकन ओळखू येतो. मी गोरिला नराचा वाय शेजारी ठेवला. जुळेना. माणसाचा ठेवला. बरोब्बर जुळला.

प्रयोगशाळेत आम्ही सगळ्या बायकाच. राहिले मामा.

गोरिलाघरात गेले तर मामा फळं चिरत होते.

"मामा, तिच्या केसांत माणसाचा वाय निघालाय. हातमोजे घातले होते ना?"

मामा सुरी पुसत राहिले. "पोरी, खोटं कशाला बोलू? रोज सकाळी ती गजांतून हात बाहेर काढते. मी धरतो. माझ्या तळहाताला चिकटलेले केसच तुला पाठवले. साहेबांना कळलं तर मला पक्ष्यांकडे धाडतील. तिच्यापासून तोडू नकोस गं."

मी म्हटलं, "एवढंच लिहीन, की हातमोजे नव्हते."

मामांचा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी हळूच विचारलं, "माणसाचा आणि गोरिलाचा वाय वेगळा ओळखू येतो. आणि एक्स?"

"जवळजवळ सारखे."

"माझा एक्स आईकडून आला ना?"

"आईकडूनच."

"मग आईकडचं नातं झालं की! हात धरला तर बिघडलं कुठे?"

"नात्यामुळेच बिघडतं, मामा. आपली सर्दी तिला लागते. तुम्ही चार दिवसांत खडखडीत व्हाल, ती दगावेल."

मामा स्वतःच्या तळहाताकडे बघत बसले.

पंधरा दिवसांनी नवा नमुना आला. दोन एक्स, वायचा मागमूस नाही. इतका स्वच्छ, म्हणजे मामांनी तिचा हात धरणं सोडलं होतं. मला रडू आवरेना.