वाजायचे राहून गेलेले पाऊल

मी एक जुने चांदीचे पाऊल आहे. हुपरीजवळच्या महादेवाच्या देवळात, नवसाच्या पेटीत पडून असते. पण मित्रांनो, मी जन्माने पाऊल नव्हे. आधी मी पैंजण होते, आणि चांगले खणखणीत वाजणारे होते!

१९९४ साली हुपरीत मृत्युंजयने घरच्याच कारखान्यात मला घडवले. माझे घुंगरू त्याच्या नव्या नवरीने, रुद्राणीने, स्वतः जोडले. ती कुठे आहे हे घराला माझ्यावरून कळे. तिच्या सासूला सगळे आक्का म्हणत. आक्का कौतुकाने म्हणायच्या, "सून कसली, घुंगराची गाडी हाय!"

चार वर्षांनी रुद्राणी माळ्यावरून पडली. पाठीच्या कण्याला मार बसला. कोल्हापूरच्या दवाखान्यात तिला पलंगाच्या कडेला बसवले, की ती पोत्यासारखी कलंडायची. तिथे व्यायाम शिकवणाऱ्या प्रमोदिनीताई होत्या. त्या म्हणाल्या, "पाय मेंदूला सारखे कळवत असतात, की मी इथे आहे, असा टेकलोय. त्यावरून मेंदू अंग सावरतो. हे निरोप कण्यातल्या नसांतून जातात. तुमच्या काही नसा तुटल्यात, पण काही शिल्लक आहेत. रोज सराव दिलात तर त्या बरंच शिकतील, सोडलात तर शिकायच्या राहतील."

मग त्यांनी उशाशी ठेवलेल्या मला तिच्या उजव्या पायात घातले. "डोळे मिटा. पाय कुठे आहे?"

"मला काय ठाऊक? असंल तिथंच की!" रुद्राणी वैतागली.

"बरं, अंगठा हलवायचा प्रयत्न करा."

आणि मी वाजले. अगदी हळू, पण वाजले. पायाचा निरोप वर पोचला नव्हता, तो कानावाटे पोचला. रुद्राणी हसता हसता रडू लागली. मला इतका अभिमान पुन्हा कधी वाटला नाही.

घरी आल्यावरही सराव सुरू राहिला. मी वाजे, ती सावरून बसे. मृत्युंजयच्या खांद्याला धरून ती क्षणभर उभीसुद्धा राहू लागली. पण आक्का नवस बोलल्या होत्या. चांदीचे पाऊल वाहायचे, तेही दुखणाइताच्या अंगावरच्याच चांदीचे. आणि सून आपल्या पायाने देवळात येईपर्यंत तिच्या पायात पैंजण घालायचे नाही.

रुद्राणी कळवळून म्हणाली, "आक्का, त्येच्यावरनंच मला माजा पाय कळतोय."

"अगं, द्येवाकडं पायच मागतोय की! पैंजणाचं काय घिऊन बसलीस?"

आक्कांची माया खोटी नव्हती. मृत्युंजयनेच पाऊल घडवायला मला मुशीत टाकले. माझे घुंगरू वितळले, तेव्हा मला ओरडावेसे वाटले.

नंतर पाय हलला तरी तिला कळेना. मग कशाला हलवायचा, म्हणून सराव सुटला. ताईंनी बजावले होते तेच झाले. शिल्लक नसा शिकायच्या राहून गेल्या.

वर्षानुवर्षे वाट पाहूनही ती चालू शकली नाही, तेव्हा २००५ साली मला वाहायला मृत्युंजयने तिला उचलून देवळात आणले. तिने मला ओंजळीत घेतले आणि डोळे मिटले. तेवढ्यात तिचा अंगठा हलला. मी पाहिले. तिला मात्र कळले नाही, कारण वाजायला मी तिच्या पायात नव्हते.

मित्रांनो, देवाला जे वाहायचे ते वाहा. पण माणूस ज्याच्या आधाराने उभा राहू बघतो आहे, तेवढे त्याच्यापाशी राहू द्या.