पायलच्या वहीतलं अक्षर

राजूरच्या शाळेत सहावीच्या वह्या तपासताना अर्पिता मॅडमना पायलचा संशय आला. घरचा अभ्यास मोत्यासारख्या अक्षरात, अन् वर्गातल्या चाचणीत जेमतेम दोन ओळी. त्याही वेड्यावाकड्या, शब्द एकमेकांत घुसलेले, दाबून दाबून कागद फाटलेला.

"अभ्यास कोण लिहून देतं?"

"मीच," पायल म्हणाली आणि तिने उजवा हात बाकाखाली घेतला.

मॅडमनी वडलांना बोलावलं. पुंजाराम गणपतीच्या मंदिरासमोर नारळ-फुलं विकायचे. त्यांनी भेटीच्या रजिस्टरात नाव लिहिलं, तसं मॅडमनी निरखून पाहिलं. तोच गोल 'म', तोच लांबट काना.

"पुंजारामभाऊ, हे अक्षर मी रोज तपासते."

पुंजारामनी पेन खाली ठेवलं. "हात दुखतो म्हणून रडती, मॅडम. मंग ती सांगती, मी लिहितो."

"ती सांगते, का तुम्हीच?"

"तिलाच इचारा की."

मॅडमनी पायलला बोलावून बाष्पीभवनाबद्दल विचारलं. ती घडाघडा सांगत गेली. वाळणारे कपडे, माठातलं गार पाणी, उन्हाळ्यात आटणारं शेततळं. मग तेच लिहायला सांगून मॅडम पहिल्यांदाच तिच्या शेजारी बसल्या. अंगठा पेन्सिलीवर मुडपलेला, खांदा कानापर्यंत चढलेला, कपाळावर घाम. दहा मिनिटांत सात शब्द झाले. चार महिने आपण हिला सगळ्या वर्गासमोर आळशी म्हणत आलो, हे आठवून मॅडम ओशाळल्या.

त्यांनी एक फॉर्म पुढे केला. "जालन्याला तज्ज्ञांना दाखवू. काहींना लिहायचीच अडचण असते. परीक्षेत सवलत मिळू शकते."

"ही ढ पोरांची यादी हे का?" पुंजारामनी फॉर्म उलटसुलट पाहिला. "उद्या सोयरिकीच्या वक्ताला कुणी हा कागद काढला तर?"

"ती ढ नाही. आत्ता ऐकलंत ना?"

"ऐकलं. पर घडीभरापूर्वी तुम्ही मलाच चोर समजून राह्यल्या होत्या."

"माझं चुकलं," मॅडम म्हणाल्या.

सही न करताच ते फॉर्म घेऊन गेले. आठ दिवसांनी आले तेव्हा सही होती, आणि खाली त्याच सुंदर अक्षरात एक ओळ: 'तपासणीच्या वेळी मी हजर राहणार.'

ते हजर राहिलेही. लिहिण्यातली अडचण कागदोपत्री आली आणि वार्षिक परीक्षेला पायलला लेखनिक मिळाली, पाचवीतली मोनाली. पायल सांगत होती, मोनाली लिहीत होती. पुंजाराम फाटकाबाहेर ताटकळत होते. पेपर सुटताच त्यांनी लेकीला बाजूला घेतलं.

"तू सांगितलं तेच लिवलं का तिनं, बराबर?"

"तेच, पप्पा. वाचून बी दाखवलं मला."