धागा बांधलेली झाडं

या, जरा पुढे सरकून बसा. खांबाला टेकून बसलेल्यांनीही यावं. तिथवर झांज पोचते, माणसाचा शब्द पोचत नाही. आज देवादिकांचं आख्यान लावत नाही. तुम्ही-आम्ही हौसेनं तोंडात घालतो त्या एका लाडवाची गोष्ट सांगतो. लाडवाची आहे म्हणून गोड असेल, असं मनात धरू नका. पण मध्येच उठूही नका, एवढं मागणं.

नागपुरात, प्रताप नगरच्या एका गल्लीत कुसुमावती राहते. माहेर उमरेडचं, विणकर कोष्ट्यांचं. वडिलांचा माग थांबून चाळीस वर्षं होत आली, पण हाताची पारख तेवढी तिच्याकडे राहिली. कढईतल्या तुपाच्या आवाजावरून तिला कळतं, डिंक कधी सोडायचा. ओल्या बाळंतिणीला, थंडीत कंबर धरलेल्या म्हाताऱ्यांना तिच्याच हातचे डिंकाचे लाडू लागतात. दिवसभर लाडू, संध्याकाळी देवळात कीर्तन. तिथं ती पुढच्या रांगेत, मांडीवर ताल धरून, आणि डोळ्यांना पदर लावायला सगळ्यांच्या आधी.

डिंक आणायचा चंपतराव. भिवापूरच्या पलीकडे जंगलाला लागून त्याचं गाव. त्याचा बाप डिंक अन् मोहफुलं घेऊन उमरेडला यायचा, तेव्हा हा मागाच्या खड्ड्यापाशी बसून धोट्याची धावपळ बघत राहायचा. कुसुमला सख्खा भाऊ नव्हता. सात वर्षांची असताना तिनं मागावरचा तुटका धागा चंपतच्या मनगटाला बांधला, तेव्हापासून तो तिचा दादा. पुढे पन्नास वर्षांत एक राखी चुकली नाही.

चंपतरावाची डिंक काढायची रीत होती. धावड्याच्या झाडाला हात जोडायचे, सालीला बोटभर चीर द्यायची आणि घरी यायचं. आठ-दहा दिवसांनी मधाच्या रंगाचे खडे खुडायचे, चिरेवर ओली माती थापायची आणि बुंध्याला पांढरा धागा बांधायचा. धागा बांधलेलं झाड दोन वर्षं सुटीवर. त्याला आपण हात लावायचा नाही, दुसऱ्याला लावू द्यायचा नाही. हे धागे आधी कुसुमच्या वडिलांच्या मागावरचे असत. माग गेला, तेव्हापासून राखी बांधली की ती त्याच्या हातावर धाग्याचं एक रीळ ठेवायची. "हे तुझ्या झाडांच्या राख्यांसाठी गा दादा," म्हणायची.

एका दिवाळीनंतर रामदासपेठेतला मधुसूदन घरी आला. दवाखान्यांच्या ओळीत त्याचं भेटवस्तूंचं दुकान. लाडू तोंडात विरघळला तसा तो म्हणाला, "काकू, बाळंतिणीला भेटायला जाताना लोक फुलं नेतात अन् ती दुसऱ्या दिवशी केरात जातात. त्यापेक्षा तुमचा डबा न्यावा! फक्त माल भरपूर हवा. आणि डिंक कुठून येतो ते डब्यावर लिहा. आजकाल लोक विचारतात."

सून प्रणालीनं दोन दिवसांत डबा तयार केला. वर चंपतरावाचा हसरा फोटो, खाली ओळ: झाडाला न दुखावता मिळवलेला डिंक. कुसुमावतीनं ती ओळ वाचली आणि तिला भरून आलं. आपल्या दादाचं पुण्य गावभर जाणार, असं तिला वाटलं. खोटं कशाला सांगू, आपलंही नाव होणार, हेसुद्धा वाटलं. मधुसूदनला तिनं लगेच हो म्हटलं.

त्यानंतर चंपतराव नेहमीची पिशवी घेऊन आला.

"एवढंसंच?" कुसुमावती म्हणाली. "यंदा चौपट लागते गा दादा."

"चौपट झाडं कुठून आणू वं बाई? का माझ्या टाळक्यातून काढू डिंक?" तो हसला.

"हसू नको. मी शब्द देऊन बसली."

"शब्द देताना झाडाले इचारलं का?"

"वा रे वा, मोठा कीर्तनकार लागून गेला! तुले नसन जमत तर राहू दे. बाजारात का डिंकाचा तोटा आहे?"

ती थट्टेनं बोलली होती, पण थट्टेला धार निघाली. चंपतरावानं डबा हातात घेतला, स्वतःच्या फोटोवरून अंगठा फिरवला.

"डिंक दुसऱ्याचा अन् वर थोबाड माझं?"

"मंग तूच आण ना. कसंही कर, पण आण."

"कसंही?"

"हाव. कसंही."

प्रणाली चहा घेऊन आली तेव्हा तो चपला घालत होता. "मामा, चहा!" "राहू दे वं पोरी, बस जाईन," तो म्हणाला आणि गेला.

फाल्गुनात तो दोन पोती घेऊन आला. कुसुमावतीनं एका पोत्याचं तोंड सोडलं आणि बघतच राहिली. लिंबाएवढे पांढरेशुभ्र खडे, काचेसारखे. दरसालच्या डिंकात सालीचा कपचा असायचा, मेलेली मुंगी असायची, पळसाच्या पानाचा वास असायचा. यात काही नव्हतं. तिनं एक खडा बोटांत फिरवला. मागावरचा धागा एक पदर कमी असला तर अंधारात ओळखणारी ती बोटं. त्यांना कळलं. कळलं नाही असं कसं म्हणू?

"कुठला गा दादा हा?"

"जंगलातलाच," तो म्हणाला. नजर स्वतःच्या पायांकडे.

पुढचा प्रश्न तिच्या ओठापर्यंत आला होता. पण तूप तापलं होतं, खारका कुटून ठेवल्या होत्या, संध्याकाळपर्यंत डबे जायचे होते. डिंक कढईत पडला आणि छान फुलला. तिनं पुढे विचारलं नाही.

चैत्रात आणखी पोती आली. ती एसटीतून आली, चंपतराव आला नाही. कामात असेल, ती म्हणाली. डबे गेले, अजून मागणी आली. देवळात बायका म्हणू लागल्या, "कुसुमताई, तुमचा डबा पाहिला बरं रामदासपेठेत!" त्या दिवसांत कीर्तनात तिला रडू येत नसे. तिनं ते दमणुकीवर ढकललं.

राखीला चंपतराव आला नाही. ताट मांडून ती दुपारपर्यंत बसली, मग फोन लावला. त्याची सून काजल म्हणाली, "बरे आहेत बाबा. येत नाहीत ते." आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी राखी आणि रीळ पदरात बांधून कुसुमावती भिवापूरच्या बसमध्ये बसली.

निघताना फोन केला होता, म्हणून काजल फाट्यावर उभी होती. घराकडे न नेता तिनं आत्याबाईला जंगलाच्या वाटेला लावलं. श्रावणातलं जंगल, पाय ठेवाल तिथं हिरवं. आणि त्या हिरव्यात एक अख्खा उतार राखाडी. धावड्याची झाडं उभी होती, पण एकावर पान नव्हतं. साल सोलून लोंबत होती. कुसुमावती जवळ गेली. बुंध्याला पांढरा धागा होता, तिनंच दिलेल्या रिळाचा. धाग्याच्या खाली वीतभरावर एक भोक, गिरमिटानं पाडलेलं, मातीनं बुजवलेलं. पुढच्या झाडालाही धागा, खाली भोक. त्याच्या पुढच्यालाही.

"फळं पिकवायचं औषध हाय ते," काजल म्हणाली. "भोक पाडायचं अन् सुईनं आत सोडायचं. झाड घाबरून अंगातलं सगळं भाईर टाकते. एक डिंक घेणारा गावोगाव फिरून शिकवे. बाबा त्याले दोन वर्सं दारातून हाकलत होते."

"मंग यंदा काहून...?"

काजलनं तिच्याकडे नुसतं पाहिलं. कुसुमावतीला पुढचं विचारायची गरज उरली नाही.

"आधी फक्त बिनधाग्याच्या झाडांले टोचलं. पुरलं नाही. मंग धाग्याच्या झाडांले. त्या दिवशी दोन घास नाही जेवले. चैतात सुई अडकली, जोरानं दाबली तं सगळं उलटून डोळ्यांत आलं. ओढा केवढा दूर. एक डोळा तिथंच गेला, दुसरा दवाखान्यात. अकरा दिवस होते नागपुरात."

"नागपुरात? अन् मले कोणी सांगतलं नाही?"

"बाबाच नको म्हणे. बाईचे कामाचे दिवस हायेत म्हणे." काजलनं तिचा हात धरला. "आत्याबाई, एक ऐका. झाडं गेली हे त्याईले माहीत नाही. आम्ही सांगतलं, पालवी फुटली. तुम्ही बी तसंच सांगा."

चंपतराव ओसरीवर भिंतीला टेकून बसला होता. पावलांवरून त्यानं ओळखलं.

"ये वं बाई. उभी नको राहू."

ती बसली. त्याच्या डोळ्यांत सारं पांढरं होतं, डिंकाच्या खड्यासारखं. तिला वर बघवेना.

"जंगलातून आली ना तू? चिखलाचा वास येते."

"हाव."

"घरचे म्हणतात पालवी आली. तू सांग. तू कीर्तनातली बाई, खोटं नाही बोलणार. आली का?"

दारात काजल उभी होती. मान हलवून, हात जोडून सांगत होती. कुसुमावतीच्या डोळ्यांपुढे डब्यावरची ओळ आली. किती डब्यांवर छापली, किती बाळंतिणींच्या उशाशी गेली. एक खोटं आपल्या हातून झालंच होतं, न विचारल्यामुळे. आता हे दुसरं सांगितलं तर माणूस सुखानं झोपेल. पण ते सुख त्याचं की आपलं?

"नाही गा दादा," ती म्हणाली. "एकाही झाडाले नाही आली."

त्यानं जंगलाच्या दिशेला कान दिला.

"मले माहीत होतं. वारा येते, पानं वाजत नाहीत."

तिनं पदराची गाठ सोडली. राखी काढून त्याचं मनगट हातात घेतलं. त्यानं हात ओढून घेतला. रागानं नाही. तापलेल्या भांड्याला लागावा तसा.

"नको बांधू, बाई. धागा बांधला की त्याले हात लावायचा नसते. मी लावला."

"कसंही आण, हे मी म्हटलं होतं गा दादा! पाप माझं."

"तू म्हटलं. गिरमिट माझ्या हातात होतं." मग त्यानं विचारलं, "रीळ आणलं का वं?"

"आणलं."

"परत ने. आता बांधाले काही नाही राहिलं."

प्रताप नगरात आल्यावर कुसुमावतीनं उरलेला डिंक पोत्यासकट बाजूला काढला. मधुसूदनला बोलावून झालं तसं सगळं सांगितलं. तो हळहळला; माणूस वाईट नव्हता. मग म्हणाला, "काकू, मी लाडू दुसरीकडून घेईन. पण ती ओळ फार चांगली आहे हो, गिऱ्हाइकाला पटते. ती आणि फोटो तेवढा राहू द्या."

"फोटो काढा," कुसुमावती म्हणाली. एवढंच तिच्या हातात होतं. फोटो निघाला. ओळ अजून आहे, दुसऱ्या कुणाच्या लाडवांवर.

दिवाळीत, भाऊबीज दोन दिवसांवर असताना चंपतराव गेला. घरचे सांगतात, काठी टेकत जंगलाच्या कडेला जायचा, एकेका बुंध्यावर हात फिरवून धागे चाचपायचा आणि सोडवायचा. त्या दिवशी दुपारी जेवायला आला नाही म्हणून बघायला गेले, तर एका झाडाशी बसल्यासारखाच होता. मुठीत धागे होते, पांढरे, मातीनं मळलेले. काजलनं ते कुसुमावतीला आणून दिले.

ती अजून कीर्तनाला येते. पुढच्या रांगेत बसत नाही. बुवा प्रसाद द्यायला आले की ती हात पुढे करते, आणि त्या मनगटाला मळका धागा असतो.

तर मायबापांनो, माझं सांगून झालं. प्रसादाचा लाडू हातावर आला की खा, देवाचं नाव घेऊन खा. पण दाताखाली डिंकाचा खडा आला तर क्षणभर थांबा, आणि भिवापूरच्या पलीकडच्या चंपतरावाची आठवण काढा. तो झाडापुढे हात जोडून मगच चीर देत असे. कुणी "कसंही आण" म्हणेपर्यंत.