रामदासच्या रिपोर्टातली घोरपड

खरं आहे! यातला शब्द न् शब्द खरा आहे, आणि ज्याला पटत नसेल त्याने पान मिटून चहा टाकावा. शेजारच्या यमुनाबाई म्हणतील, म्हातारीला थापा मारायची सवयच आहे. म्हणू देत. मागे मी त्यांना सांगितलं होतं की आमच्या ऑफिसात एक साहेब सह्या करता करता झोपायचे आणि झोपेतली सही जागेपणीच्या सहीपेक्षा चांगली यायची. ते त्यांनी मानलं नाही. पण हे मानावंच लागेल. गच्चीत जाऊन ओरडून सांगायची माझी तयारी आहे, गुडघे वर जाऊ देत नाहीत म्हणून इथूनच ओरडते. फक्त भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोची शपथ घ्यायला सांगू नका. त्यांना मी असल्या गोष्टींत मध्ये आणत नाही.

साल दोन हजार तीन. आम्ही तेव्हाही इथेच, येरवड्यात, याच दोन खोल्यांत. माझा रामदास तेव्हा पंचेचाळीसचा. भोसरीच्या कारखान्यात एकवीस वर्षं फिटर होता. कारखान्याला कुलूप लागलं, दीड वर्ष हा घरी बसला. मग खराडीत, जिथे काल-परवापर्यंत ज्वारी डोलत होती तिथे एक काचेची बिल्डिंग उभी राहिली, आणि तिथे याला मेंटेनन्स सुपरवायझर म्हणून घेतलं. पंप, लिफ्ट, जनरेटर, एसी. काम याच्या हाताखालून गेलेलं. नुसता आवाज ऐकून सांगायचा, बेअरिंग गेलंय.

अडचण एकच. रोजचा रिपोर्ट इंग्रजीत. काल काय झालं, आज काय चालू आहे, उद्या काय करणार, असे तीन चौकोन. सकाळी नऊला तो कागद मॅनेजर मॅडमच्या टेबलावर आणि तिथून कॉम्प्युटरने बंगलोरच्या हेड ऑफिसला. तीन महिने बघणार होते. रिपोर्ट जमला तर सुपरवायझर, नाही जमला तर कंत्राटदाराच्या पोरांबरोबर पाना घेऊन शिडीवर. पाठीतला मणका सरकलेला माणूस शिडीवर किती दिवस टिकणार? रामदास बोलायचा नाही, पण आम्हाला सगळ्यांना ते माहीत होतं.

पहिल्याच आठवड्यात याने लिहिलं, पंप इज रिपेअर. बंगलोरवाल्यांना कळेना, पंप दुरुस्त झालाय की दुरुस्त करायचाय. त्यांनी माणूस पाठवला. त्याने चांगला चालणारा पंप उघडला आणि दोन दिवस बिल्डिंगीत पाणी नाही.

मग मी म्हटलं, बस माझ्यासमोर.

मी कोण? मी सरकारी ऑफिसात बत्तीस वर्षं इंग्रजी टायपिस्ट. छप्पन साली दीक्षा घेऊन घरी आल्यावर माझे वडील म्हणाले होते, पोरी, समोर येईल ते शिक. समोर टायपिंगचा क्लास आला. त्यामुळे इंग्रजी माझ्या बोटांत आहे. तोंडात नाही. कुणी बोलायला लावलं तर माझं त-त-प-प होतं, पण हातात कागद द्या, साहेबाला झोपेतून उठवून सही करायला लावेल असं पत्र लिहून देते.

"हे बघ, रामदास," मी म्हटलं, "काळ तीन. भूत, वर्तमान, भविष्य. आणि प्रत्येकाला चार-चार लेकरं. झाले बारा."

"बारा?" तो म्हणाला. "आई, मला चालू काळच धड जगता येईना. बारा कुठे ठेवू?"

"पाठ कर."

"इंग्रजांना एवढं काय सारखं वेळेचं पडलेलं असतं गं?"

माझी सून शर्मिला पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, "त्यांच्या बसेस वेळेवर येत असतील."

रामदास दोन बस बदलून रात्री आठला घरी यायचा. हातपाय धुवायचा, जेवायला बसायचा आणि हातात घास असतानाच डोळे मिटायचे. एकदा तर डोकं खाली खाली जात आमटीत बुडणार, एवढ्यात शर्मिलाने ताट ओढलं. असल्या माणसाला काय शिकवणार? मग मीच लिहायला लागले. तो दिवसभराचं मराठीत एका चिठोऱ्यावर टिपून आणायचा. मी चष्मा लावून, अक्षर वळणदार काढून इंग्रजी करायचे. सकाळी तो कागद बॅगेत, आणि ऑफिसात गेल्यावर फॉर्मवर जसाच्या तसा उतरवायचा.

"आई, तुम्हीच नोकरीला लागलाय जणू," शर्मिला म्हणायची. मी लक्ष दिलं नाही.

महिना गेला. बंगलोरवाले खूश. आणि मी कंटाळले. लाईट तपासल्या. टाकी भरली. लिफ्टला तेल दिलं. पुन्हा लाईट तपासल्या. बत्तीस वर्षं मी दुसऱ्यांचं टाइप केलं, सगळं खरंखुरं, तारीखवार. एकदाही कुणी विचारलं नाही की बाई, तुम्हाला काय लिहावंसं वाटतं. आणि त्या बारा काळांतला एक काळ नुसता कोपऱ्यात बसून होता. त्याला एक गोष्ट घडायच्या आधी दुसरी घडून गेलेली लागते. रामदासच्या बिल्डिंगीत मुळात एकच गोष्ट घडत नव्हती, दोन कुठून आणू?

म्हणून मी घोरपड आणली.

नदी तिथून जवळ, आजूबाजूला अजून शेतं. अगदीच अशक्य नाही. सोमवारी रात्री मी लिहिलं की गार्ड पोचायच्या आधी एक घोरपड जनरेटर रूममध्ये शिरली होती. वाक्य इतकं सरळ बसलं की मी दोनदा वाचलं. मनात म्हटलं, उतरवताना रामदास बघेल, हसेल, खोडून टाकेल. निदान वाचतो तरी का ते कळेल.

त्याने वाचलंच नाही. आईने लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार, म्हणून उतरवून मोकळा झाला.

इथे मी थांबायला हवं होतं. पण मंगळवारी मी लिहिलं की ती अजून बाहेर आलेली नाही. बुधवारी लिहिलं की तीन दिवस ती जनरेटरमागे राहते आहे. गुरुवारी लिहिलं, शुक्रवारी तिला पकडण्यात येईल. प्रत्येक वाक्याला नवा काळ, सगळे एकदम झकास. कागदावर जागा तेवढीच असायची, म्हणून चिठोऱ्यावरचं एखादं रटाळ वाक्य मी गाळायचे. शुक्रवारी तिला अंडी घालायला लावणार होते. पण त्याआधीच बोभाटा झाला.

पुढचं मला कोंडीरामने सांगितलं. कोंडीराम तिथला गार्ड, खराडीतलाच, त्याच्याच भावकीच्या जमिनीवर ती बिल्डिंग. त्या दिवशी तो रामदासला स्कूटरवरून घरी सोडायला आला होता.

झालं असं, की पुढच्या बुधवारी परदेशी पाहुणे येणार होते आणि बंगलोरहून फोन आला, ही घोरपड किती मोठी आहे? उत्कर्षा मॅडमनी रामदासला बोलावलं. मॅडम म्हणजे सत्तावीस वर्षांची पोर, साताऱ्याकडची.

"रामदासकाका, पकडली का?"

"काय, मॅडम?"

"घोरपड. आज पकडणार होता ना? चार दिवस तुम्हीच लिहिताय."

कोंडीराम दारातच उभा होता. त्याला वाटलं, भाऊ अडकला. तो मध्ये पडला. "हाय, मॅडम, हाय! म्या सोता पायली. ही एवढी!" आणि त्याने दोन्ही हात पसरले.

"कधी पाहिलीत?"

"कवाबी येती."

मग सर्पमित्र बोलावले. चार माणसं, दोन तास. डिझेलची पिंपं हलवली, जाळ्या काढल्या. आतून मांजरीची तीन पिल्लं निघाली.

"मांजरीनं खाल्ली आसंल," कोंडीराम म्हणाला.

मॅडम हसल्या नाहीत. रामदासला म्हणाल्या, "सोमवारी नऊ वाजता या. काय झालं ते इंग्रजीत लिहून द्यायचं. इथे, माझ्यासमोर बसून. घरून आणायचं नाही." म्हणजे त्यांना कळलं होतं.

पाच वाजता, उजेडात, रामदास घरी. मी ओरडा खायच्या तयारीत. त्याने बूट काढले, भिंतीला टेकून बसला.

"आई, घोरपड केवढी होती?"

"दोन हात."

"कोंडीरामने चार हात सांगितली."

आतून शर्मिला म्हणाली, "अंडीबिंडी पण आहेत का?"

मी म्हटलं, "सोमवारी मी येते. मॅडमना सांगते, चूक माझी."

"काय सांगशील? पंचेचाळीस वर्षांच्या घोड्याचा गृहपाठ आई करते?" त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "शिकव. दोन दिवस आहेत."

मी तक्ता काढला. बाराच्या बारा चौकटी. त्याने तो बाजूला सारला.

"तक्ता नको. असं सांग. मी दुसऱ्या पाळीला आलोय. आल्या आल्या मी काय विचारतो? मी यायच्या आधी काय झालेलं होतं. ते कुठलं?"

"हॅड," मी म्हटलं.

"म्हणजे माझ्या आधीच्या पाळीचं काम. बरं. मशीन सकाळपासून चालूच आहे, अजून बंद नाही, ते?"

"हॅज बीन."

"आणि मी जाईन तेव्हा पुढच्या पाळीला काय तयार मिळेल?"

"विल हॅव."

"मग हे काय अवघड आहे?" तो म्हणाला. "हे तर पाळी बदलणं आहे."

मी बघत राहिले. बत्तीस वर्षं ते शब्द माझ्या बोटांखालून गेले, मला कधी कळलं नव्हतं की त्यांच्या आत माणसं डबे घेऊन पाळी बदलतायत. शनिवार गेला, रविवार गेला. तो एकेक वाक्य खोडायचा, पुन्हा लिहायचा. दोनदा मी पेन्सिलीकडे हात नेला. दोन्ही वेळा त्याने पेन्सिल पलीकडे नेली. "तू सांग. लिहिणार मी."

सोमवारी मॅडमसमोर बसून त्याला अकरा ओळी लिहायला दोन तास लागले. तो कागद माझ्याकडे आहे, लाल पेनाने रंगलेला. त्यात लिहिलंय की रिपोर्ट आई लिहीत होती. मी कामावरून येऊन झोपत होतो. घोरपड नव्हती. कोंडीरामचा दोष नाही, तो चांगला गार्ड आहे. आणि शेवटी असं की तीन नंबरचा पंप आठ दिवसांपासून गळतो आहे, हे मी रोज टिपत होतो, ते रिपोर्टात आलेलं नाही, पण ते खरं आहे.

गाळलेलं रटाळ वाक्य ते हेच.

मॅडमनी कागद ठेवला आणि रामदासला घेऊन तळघरात गेल्या. पाणी विजेच्या पॅनेलपासून वीतभर लांब होतं. पाहुणे बुधवारी यायचे होते. रामदास आणि दोन पोरांनी मंगळवारी संध्याकाळपर्यंत पंप उतरवून, सील बदलून पुन्हा बसवला.

त्याला शाबासकीबिबासकी कुणी दिली नाही. मॅडम एवढंच म्हणाल्या, "काका, आणखी तीन महिने बघू. रिपोर्ट रोज साडेचारला, या टेबलावर. मोडकंतोडकं चालेल. प्राणी नकोत."

तीन महिन्यांनी तो कायम झाला. रिपोर्ट तोच लिहितो. एकदा मागून घेऊन वाचला मी. लाईट तपासल्या. टाकी भरली. दोन चुका होत्या, दाखवल्या नाहीत. आता तो चिठोरा आणत नाही. जेवतो, बातम्या बघतो. मी चष्मा पुसते आणि परत ठेवते. हात दुखतात, काही न करताही दुखतात.

त्या लाल कागदावर मॅडमनी जवळजवळ प्रत्येक ओळ दुरुस्त केली आहे. एकाच वाक्याला हात लावलेला नाही. आय वॉज स्लीपिंग. मी झोपलेलो असायचो. व्याकरणात ते बरोबरच आहे.

आता एवढं सांगितलंच आहे तर हेही सांगून टाकते. ते आमटीत डोकं जाणं, शर्मिलाने ताट ओढणं, ते मी रचलं. रामदास झोपायचा नाही. दमलेला असायचा, डोळे लाल, पण जेवण झालं की पेन्सिल घेऊन माझ्यासमोर येऊन बसायचा. "आई, आजचं एक वाक्य मी लिहू?" म्हणायचा. रोज म्हणायचा.

आणि मी म्हणायचे, "झोप रे तू. मी लिहिते."