तळाच्या दोन ओळी

डोळे तपासायचं शिक्षण मी दोन वर्षं रीतसर घेतलंय, पण सासऱ्यांच्या चष्म्याच्या दुकानात माझं काम काय, तर काचा पुसणं! तपासणीच्या खुर्चीजवळ मला फिरकू देत नाहीत. एक चूक झाली तर घरी बसायचं, हे पहिल्याच दिवशी ऐकवलेलं. बरं, त्यांना स्वतःला जवळचं दिसेनासं झालंय, ते मात्र कुणी बोलायचं नाही.

मग नणंद आणि मी यमकं जुळवत बसतो. तिने शब्द टाकायचा, गिऱ्हाईक दारातून टेबलापर्यंत येईतो मी कडवं पुरं करायचं. हरेल तिने चहा करायचा. बहुतेक वेळा तीच करते.

गेल्या आठवड्यात जवळचं वाचायला देतात ते कार्ड फाटलं. सासरे म्हणाले, नवीन करा, मजकूर काहीही चालेल, फक्त अक्षरं खाली खाली बारीक होत गेली पाहिजेत. काहीही चालेल म्हटल्यावर आम्हाला रानच मोकळं मिळालं. वर मांजराची, छत्रीची साधी यमकं घातली. आणि अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत:

लोकांना चष्मे, स्वतःला मात्र ना,
हातभर लांब धरूनही पेपर वाचवेना!

भीती कसली? त्या ओळी त्यांना दिसणारच नव्हत्या, आणि गिऱ्हाइकाला ते त्याआधीच 'पुरे' म्हणून थांबवायचे.

पण काल आल्या एक निवृत्त शिक्षिका. सासऱ्यांनी पुरे म्हटलं, तरी हातातलं अर्धवट सोडतील त्या बाई कसल्या? खणखणीत आवाजात तळापर्यंत वाचलं. वर यमक छान जमलंय, अशी शाबासकीही दिली. नणंद पडलेला स्क्रू शोधायला टेबलाखाली गेली ती वर येईचना. लबाड कुठली!

सासऱ्यांनी कार्ड घेतलं. हात लांब केला, मग आणखी लांब केला. झालं, म्हटलं, उद्यापासून आपण घरी.

पण त्यांनी बाईंना बाकावर बसवलं आणि स्वतः तपासणीच्या खुर्चीत बसले.

"घाल काचा," मला म्हणाले.

त्यांच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवून मी एकेक काच बदलत गेले. मांजर वाचलं, छत्री वाचली, मग अडखळत तळाच्या दोन ओळी. मला इतकं वाईट वाटलं, की लिहिलेलं गिळून टाकावंसं वाटलं.

कुणी लिहिलं, म्हणून विचारलं. मी, म्हटलं. टेबलाखालून बारीक आवाजात 'आम्ही' आलं.

ती जड फ्रेम नाकावर तशीच ठेवून ते उठले, बाईंकडे वळले.

"मी काढलेला नंबर कदाचित चुकला असेल. या, परत खुर्चीत बसा. आता आमची सून तपासेल."