हरभऱ्यातलं बुजगावणं

समुद्रपूरकडच्या त्या गावात वेदान्तावर बोलावं ते लक्ष्मणरावांनीच. दर गुरुवारी मारुतीच्या पारावर बसायचे आणि सुरू व्हायचे. "अंधारात खुंट दिसते, आपल्याले वाटते माणूस उभा हाय. कंदील नेला का समजते, खुंटच होता. हे जगबी तसंच, बाप्पा!" आता कंदील कोणाच्या घरी उरलाय? पण आवाज गोड, लोक माना डोलवायचे.

मग गेल्या उन्हाळ्यात त्यांचा एकुलता एक पोरगा, अंकित, हिंगणघाटच्या रस्त्यावर ट्रकखाली गेला. त्याच्यासाठी मुली पाहणं चाललं होतं. अख्खं गाव रडलं, हा माणूस रडला नाही. तेरवीच्या दिवशी बायकोला बजावलं, "आत्मा मरत नाई, प्रमिला. आजपासून या घरात त्याचं नाव काढून रडाचं नाई." फोटोसुद्धा भिंतीवर लावू दिला नाही. लोक म्हणाले, काय वैराग्य! डोंबलाचं वैराग्य.

गेलेल्या माणसाचे कपडे कोणी नदीत सोडतं, कोणी देऊन टाकतं. अंकितचा लाल चौकड्यांचा शर्ट तेवढा मागं राहिला होता. हरभऱ्यात रानडुकरं घुसायला लागली तेव्हा लक्ष्मणरावांनी तोच बुजगावण्याला घालायला बायकोकडं काढून दिला. कापडच तर आहे, असं मनाशी म्हणाले. आपल्याला काही वाटत नाही, हे त्यांना स्वतःलाच दाखवायचं होतं.

थोड्याच दिवसांत शेजारच्या वावरातला तानबा पारावर आला आणि सगळ्यांदेखत बोलून गेला, "महाराज, वहिनी बुजगावण्याशी बोलून राह्यल्या. रोज दुपारी भाकर ठेवतात त्याच्यापुढं. अंक्या म्हणतात त्याले."

लक्ष्मणरावांच्या पायाखालची जमीनच सरकली. साऱ्या गावाला खुंट आणि माणूस समजावून सांगितला, आणि त्यांचीच बायको खुंटाला पोरगा समजते! लाज वाटली. पण खरं सांगू, लाजेपेक्षा भीतीच जास्त होती. पोरगा गेला, आता हीही हातची गेली तर घरात उरलं कोण? त्यांनी तळेगावला तिच्या भावाला फोन लावला, हिचं डोकं ठिकाणावर नाही, घेऊन जा म्हणाले. भाऊ उद्या येणार होता. त्याआधी बुजगावणं उपटून टाकावं म्हणून ते तडक वावरात गेले.

प्रमिलाबाई वावराच्या कडेला, धुऱ्यावर बसल्या होत्या. समोर फडक्यात भाकर. लक्ष्मणरावांनी बुजगावणं दोन्ही हातांनी धरून उपटलं, आडवं पाडलं, शर्ट ओरबाडून काढला. आत भरलेलं वाळलं तणस भसाभसा बाहेर आलं.

"पाह्य! डोळे उघडून पाह्य! बांबू हाय हा. तणस हाय. पोरगा नाई तुहा!"

ती किंचाळेल, अंगावर धावून येईल, असं त्यांना वाटलं होतं. ती जागची हललीसुद्धा नाही.

"मले का दिसत नाई, जी? हे तणस मीच त भरलं होतं."

"मंग काऊन येतं इथं?"

"घरी त्याचं नाव काढू देता का तुमी? मी कोणापाशी बोलू? माय हावो मी त्याची." मग पदरानं तोंड पुसून तिनं सरळ त्यांच्याकडं पाहिलं. "अन् तुमी? त्याच्या मोबाईलमंधी रिचार्ज काऊन मारत राह्यता? कपाटात ठेवून चार्जिंग करता. कोणाचा फोन येणार हाय त्याच्यावर?"

हे कोणाला ठाऊक नाही अशीच लक्ष्मणरावांची समजूत होती. जोवर नंबर चालू आहे तोवर पोरगा कुठंतरी आहे, असं त्यांनी मनात धरून ठेवलं होतं. नाव घेतलं की तो मेला, म्हणून नाव घ्यायचं नाही. बाकी आत्मा-बित्मा पारावरच्या लोकांसाठी.

"भाऊचा फोन आला होता मले," प्रमिलाबाई म्हणाल्या. "उद्या येऊन राह्यला तो. कोणाले नेणार हाय, मले का तुमाले?"

लक्ष्मणराव मटकन मातीत बसले, शर्ट छातीशी धरला आणि लहान पोरासारखे हमसून रडले.

"अंक्या," ते म्हणाले. "अंक्या गेला व, प्रमिला."

"हाव," ती म्हणाली, आणि त्यांच्याजवळ सरकून बसली.