चुकांची वही

सूवेनच्या आईने जन्मात कधी क्लासची पायरी चढली नव्हती, पण क्लास कसा निवडायचा हे तिला पक्कं ठाऊक होतं. बांबूचे कोंब निवडतात तसा. बुडाला नख लावायचं आणि विकणारा नजर चुकवतो का ते बघायचं. म्हणून मार्चमधल्या त्या रविवारी पिशवी काखोटीला मारून ती लेकीच्या आधी दारात उभी राहिली.

सूवेन नको नको म्हणत होती. तेहतीस वर्षांची, निंगबो बंदरातल्या जहाज कंपनीत अकरा वर्षं मालाचे कागद करणारी बाई क्लास लावायला आईला घेऊन जाते, हे बरं दिसतं का? पण आईपुढे तिचं आजवर कधी चाललं नव्हतं, ते आज कुठून चालणार!

डिसेंबरातली मॅनेजमेंटची प्रवेश परीक्षा तिच्या हातून तीन गुणांनी गेली होती. तीन गुण म्हणजे गणिताचा एक प्रश्न. परीक्षा पास झालेल्याला इकडे सगळे 'किनाऱ्याला लागला' म्हणतात. नापास झालेल्याला कुणी काहीच म्हणत नाही, जेवताना त्याच्या वाटीत माशाचा एक तुकडा जास्त येतो इतकंच. निकालाच्या दिवसापासून सूवेनच्या वाटीत रोज मासा येत होता आणि ती तो मुकाट्याने खात होती. आता पुढच्या डिसेंबरासाठी क्लास आजच ठरवायला हवा होता, कारण वसंतातल्या तुकड्या आठवड्याने सुरू होत होत्या. नाहीतर परीक्षेचं नाव कायमचं सोडायचं, असं मायलेकींचं ठरलं होतं.

पहिला क्लास 'शिखर'. अठरावा मजला, काचेच्या भिंती, आत शिरताच हातात गरम चहा. कोट घातलेल्या तरुणाने त्यांच्यापुढे छापील करार सरकवला. पास नाही झालात तर सगळे पैसे परत.

"आमच्याकडचे सगळे किनाऱ्याला लागतात, मावशी," तो म्हणाला.

"सगळे?"

"जवळजवळ सगळे."

"मग पैसे परत द्यायची पाटी कशाला लावलीय रे बाळा? बुडणारच नाही कुणी, तर बोटीला टायरी कशाला टांगल्यात?"

तो हसला आणि कराराकडे बघू लागला. आईला हवं होतं ते मिळालं. लिफ्टमध्ये ती म्हणाली, "गरजेल तो पडेल काय. तरी करार चांगला आहे. निदान पैसे तरी बुडायचे नाहीत. हाच घे."

"एक अजून बघू," सूवेन म्हणाली. "तुलना म्हणून."

तुलना वगैरे काही नव्हती. तिला 'किनारा' क्लास बघायचा होता. परीक्षेआधी वर्षभर ती तिथेच जात होती आणि त्या जिन्याला ओल्या छत्र्यांचा वास येतो हे तिला झोपेतसुद्धा आठवत होतं. तिथे तिसऱ्या बाकावर, खिडकीशी, तिच्या शेजारी जू हंग बसायचा.

जू हंग पाणीपुरवठा खात्यात होता. पस्तिशीचा, कानावर पेन्सिल, खिशात भाजलेले चेस्टनट. एक सोलून स्वतः खायचा, दुसरा सोलून तिच्या बाजूला ठेवायचा, आणि या गोष्टीबद्दल दोघांपैकी कुणीही कधी अवाक्षर काढलं नाही. तो तिला शेजारीणबाई म्हणायचा. चुकलेला प्रश्न कापून वहीत चिकटवायचा आणि खाली बरोबर उत्तर लिहायचं, ही तिथली रीत. चुकांची वही प्रत्येकाकडे असायची. पण हे दोघे दर शनिवारी वह्यांची अदलाबदल करायचे. आपली चूक आपल्याला दिसत नाही, शेजाऱ्याला लगेच दिसते, असं त्याचं म्हणणं. मग पुढच्या शनिवारी तिच्या वहीच्या समासात त्याचं तिरकं अक्षर असायचं: 'इथे घाई झाली.' 'इथे भूक लागली होती का?' अशा समासासाठी माणूस आठवडाभर वाट बघू शकतं हे सूवेनला त्याआधी माहीत नव्हतं.

परीक्षेच्या आधीच्या शनिवारी ती गेलीच नाही. सरावाच्या पेपरात इतके कमी गुण पडले होते की त्याला तोंड दाखवायची लाज वाटली. ऑफिसात काम आहे, असं तिने कळवलं. संध्याकाळी त्याचा निरोप आला: 'तुझी वही काउंटरवर ठेवलीय. परीक्षेआधी नक्की ने.' ऑफिसच्या सवयीने तिने उत्तरादाखल अंगठा पाठवून दिला. आणि वही काही आणली नाही. आता आठवड्याभरात वही बघून काय होणार, असं तिने मनाला समजावलं. खरं म्हणजे वही आणायची तर त्या जिन्यात तो भेटेल आणि किती पडले विचारेल, ही भीती होती.

परीक्षेनंतर दोन दिवसांनी त्याने विचारलं, पेपर कसे गेले? तिने लिहिलं, ठीक. त्यापुढे गाडी सरकलीच नाही. तो किनाऱ्याला लागल्याचं तिला इतरांकडून कळलं. त्याची वही मात्र तिच्या उशीपाशी होती, अजूनही.

किनाऱ्याच्या काउंटरवर थाओबाई होती. तेवीस वर्षांची पोर, पण क्लासमध्ये फोन उचलणाऱ्या मुलीलाही बाईच म्हणतात. मागच्या भिंतीवर यंदा पास झालेल्यांचे फोटो लागले होते. दुसऱ्या ओळीत जू हंग. फोटोसाठी कुणीतरी त्याच्या कानावरची पेन्सिल काढून घेतली होती, त्यामुळे तो भलताच परका दिसत होता. सूवेनने तिकडे एकदाच पाहिलं.

"या, या! परत येणार म्हणालेच होते मी," थाओबाई म्हणाली. तिने एक जाडसर झेरॉक्सची प्रत पुढे केली. "यंदा नाव घालणाऱ्या प्रत्येकाला ही भेट. पास झालेल्या विद्यार्थ्याची चुकांची वही. अस्सल."

आईने चष्मा लावला आणि पानं उलटायला घेतली.

"अगं बाई! हा किनाऱ्याला लागला? पानोपानी चुकलाय की मेला. इथे चूक, इथे चूक. ह्याच्यापेक्षा आमची बरी." मग ती थांबली. पान डोळ्यांजवळ नेऊन म्हणाली, "वेनवेन, हा सात बघ. तुझ्यासारखाच पोटात आडवी रेघ मारतो."

सूवेनने प्रत ओढून घेतली. सात तिचाच होता. चुका तिच्या होत्या, वाकडेतिकडे चिकटवलेले कागदही तिचेच. समासातलं अक्षर तेवढं त्याचं होतं.

"ही कुठे मिळाली तुम्हाला?"

"काउंटरच्या खणात. निकालानंतर आवराआवर केली तेव्हा सापडली. वर चिठ्ठी होती, 'जू हंगकडून'. म्हटलं, भिंतीवर ज्याचा फोटो लावलाय त्याचीच वही, म्हणजे सोनंच की. लगेच दोनशे प्रती काढल्या." थाओबाईने आवाज खाली आणला. "शेवटचं पान बघा. पोरींना फार आवडतं. ती बाई कोण, कुणालाच माहीत नाही."

सूवेनने शेवटचं पान काढलं. आईही तिच्या खांद्यावरून वाकून वाचू लागली.

'शेजारीणबाई, वर्षभराच्या तुझ्या चुका मोजल्या. एकशे बारा. त्यातल्या एकतीस चुका नव्हत्याच. आधी बरोबर लिहिलंस आणि मग खोडलंस. तुला येत नाही असं काही नाही, तुझा तुझ्यावर भरवसा नाही. शनिवारी खोडरबर घरी ठेवून ये. पाचला पेपर सुटला की शाळेसमोरच्या दुकानात मी तांदळाच्या वड्यांचं सूप घेऊन बसेन. माझी वही आण. नाही आणलीस तरी ये.'

तिने ते दोनदा वाचलं. परीक्षेत गणिताचा चौदावा प्रश्न. तिने 'ब' काळा केला होता, मग खोडून 'क' केला होता. उत्तर 'ब' होतं. तीन गुण. पाच वाजता ती मागच्या फाटकाने निघून गेली होती, पुढून गेलं तर ओळखीचं कुणी भेटेल म्हणून. आणि तो समजला असणार की तिने अंगठा पाठवला, वही नेऊन वाचली, आणि आली नाही. दोनशे माणसांनी वाचलेलं तिचं पत्र सगळ्यांत शेवटी तिच्या हाती आलं होतं.

"मूळ वही द्या," ती म्हणाली.

"मूळ? अहो, ती क्लासची..."

"ती माझी आहे. पहिल्या पानामागे माझा नोकरीचा क्रमांक लिहिलाय. बघा."

थाओबाईने खण उघडला, पान उलटलं, मग भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं, मग सूवेनकडे. तिने वही दोन्ही हातांनी पुढे केली.

आईने चष्मा काढून पिशवीत टाकला आणि ती जिना उतरली. रस्त्यावर आल्यावर म्हणाली, "मला भूक लागलीय. ते वड्यांचं दुकान कुठेशी आहे?"

दुकान चार टेबलांचं होतं. परीक्षा झालेली शाळा समोरच, पुढचं फाटक नेमकं दारातून दिसायचं. पाच वाजता तिथून बाहेर पडणारा एकेक चेहरा इथून मोजता आला असता. सूवेन ज्या बाजूने फाटक दिसतं त्या बाजूला बसली. सूप आलं, मोहरीचा पाला आणि वड्या. आई फुंकर मारत खाऊ लागली.

"मग? क्लास कुठला?" आईने विचारलं.

"कुठलाच नाही. परीक्षेला बसणार आहे. वही आहे माझ्याकडे."

"आणि दुसरी वही? उशीपाशी असते ती?"

सूवेनने चमकून वर पाहिलं. आईचं लक्ष वाटीत होतं.

"चादरी कोण बदलतं तुझ्या घरात?"

सूवेनने फोन काढला. त्याचं नाव शोधायला खाली, बरंच खाली जावं लागलं. तिने लिहिलं: 'तू माझ्या वहीत लिहिलेलं मी आज वाचलं. तेव्हा वही नेलीच नव्हती.' खोडलं. 'अभिनंदन' लिहिलं, खोडलं. पुन्हा पहिलंच वाक्य लिहिलं आणि पुढे जोडलं: 'तुझी वही घेऊन कुठे येऊ?' ते जरा जास्तच वाटलं. तीन महिने झाले होते. कोण जाणे आता त्याच्या शेजारी कोण बसत असेल. अंगठा खोडायच्या खुणेवर गेला.

"पहिलंच बरोबर असतं गं बहुतेक वेळा," आई वाटीतून डोकं वर न काढता म्हणाली.

सूवेनने निरोप पाठवून दिला. फोन टेबलावर उताणा ठेवून दोघी त्याच्याकडे बघत राहिल्या. सूप निवत होतं. मग पडद्यावर, त्याच्या नावाच्या जागी, अक्षरं आली: 'समोरची व्यक्ती लिहीत आहे.' ती गेली. पुन्हा आली. पुन्हा गेली.

"हे काय करतोय तो?" आईने विचारलं.

"खोडतोय," सूवेन म्हणाली, आणि त्या डिसेंबरानंतर पहिल्यांदा हसली.